न खाई त्यालाही खवखवे

धमकीचं पत्र कसं असावं याबद्दल आमच्या पिढीच्या काही ठाम कल्पना आहेत. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून डकवलेली असावीत, ‘पोलिसांना कळवलंस तर याद राख’ हे वाक्य असावं आणि पैसे एखाद्या ओसाड देवळामागच्या पिंपळाखाली ठेवायला सांगितलेले असावेत. हल्लीच्या धमकीत यातलं काही नसतं. ती चक्क नमस्कार घालून सुरू होते. पुढचा मजकूर साधारण असा: मी व्यवसायाने हॅकर आहे. काही महिन्यांपूर्वी तुम्ही एका नको त्या साईटवर गेलात, तेव्हा मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. तुमच्याच कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलं. तुमचे सगळे कॉन्टॅक्ट माझ्याकडे आहेत. 48 तासांत अमुक इतके डॉलर बिटकॉइनमध्ये पाठवा, नाहीतर ती फिल्म तुमच्या घरच्यांना, ऑफिसातल्यांना, सगळ्यांना जाईल.

इथवर ठीक आहे. पण पुढे हा माणूस एकदम घरगुती होतो. ‘तुमची आवड चांगली आहे हं’ असं कौतुक करतो. ‘मनाला लावून घेऊ नका, हा माझा धंदा आहे’ अशी समजूत घालतो. आणि जाता जाता, पासवर्ड वरचेवर बदलत जा, अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा, असा प्रेमाचा सल्लाही देतो. खंडणी मागणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या सुरक्षेची इतकी काळजी वाहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. बँकेचे मेसेज याहून कोरडे असतात.

वसुली हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथांनी 1719 साली दिल्लीहून आणल्या. 25 टक्के अधिक 10 टक्के, सगळं कागदावर, शिक्क्यासकट. पुढे 1990च्या दशकात मुंबईत हा कारभार फोनवर आला. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणायची रीत पडली. पण त्या काळचा भाई अभ्यास करून फोन करायचा. तुमच्या किती इमारती चालू आहेत, मुलगी कुठल्या शाळेत जाते, गाडीचा नंबर काय, हे त्याला तोंडपाठ असायचं. 1999 साली सरकारला मकोका आणावा लागला तो अशा अभ्यासू मंडळींमुळेच.

मेलवाल्याचा अभ्यास शून्य. तुम्ही पुरुष की बाई, विशीतले की सत्तरीतले, कॉम्प्युटर वापरता की नातवाच्या मोबाईलवरून मेल बघता, यातलं त्याला काहीही माहीत नसतं. मग धंदा चालतो कशावर? ‘खाई त्याला खवखवे’ या एका म्हणीवर. ते पत्र नीट वाचा. पाप नेमकं कोणतं, कुठल्या तारखेचं, कुठल्या साईटवरचं, हे त्यात कुठेच नसतं. ‘तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. थोडक्यात, जागा कोरी सोडलेली असते आणि ती ज्याची त्याने भरायची असते. माणूस ती भरतोही. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना जो प्रामाणिकपणा आजवर कोणी दाखवला नाही, तो इथे दाखवतो.

हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे एकच पत्र एकाच आठवड्यात बऱ्याच घरांत आलं आणि प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा लागला.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मधुमेही आहेत. मेल वाचून ते रात्री दोन वाजता उठले आणि साताऱ्याहून ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेल्या कंदी पेढ्यांच्या सगळ्या ऑर्डरी त्यांनी मोबाईलमधून पुसून टाकल्या. चित्रण त्याचंच झालंय याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी भिशीला ‘घरच्या’ म्हणून नेलेल्या पुरणपोळ्या स्टेशनजवळच्या दुकानातल्या होत्या. त्यांनी मेल वाचला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘मेलं, डबा तर मी बदलला होता.’’ सेक्रेटरींनी गेल्या वर्षी इमारतीच्या रंगकामासाठी तीन कोटेशनं आणली होती. तिन्ही एकाच अक्षरात होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून म्हणाले, ‘‘हा बाहेरचा नाही. आपल्या बिल्डिंगमधलाच आहे.’’

ज्याला उद्देशून ते पत्र खरोखर लिहिलेलं होतं, असा आख्ख्या इमारतीत एकच प्राणी होता: तळमजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याने मेल न वाचताच स्पॅममध्ये ढकलला आणि तो जेवायला बसला.

आमच्या खजिनदारांची गोष्ट मात्र वेगळी. ते निवृत्त आहेत, सरळ आहेत आणि हिशेबाला चोख आहेत. ते मेलची प्रिंट काढून, तिला पंच करून, फाइलला लावून माझ्याकडे आले.

‘‘यात म्हटलंय की तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रण केलं,’’ मी वाचून म्हणालो. ‘‘पण अहो, तुमच्या कॉम्प्युटरला कॅमेरा आहेच कुठे?’’

खरोखरच नव्हता. तो जुना पेटीवाला कॉम्प्युटर आहे, त्यावर त्यांच्या मिसेसनी विणलेला क्रोशाचा रुमाल आहे आणि रुमालावर गणपती आहे.

‘‘तेच तर म्हणतोय मी,’’ खजिनदार आवाज खाली आणून म्हणाले. ‘‘कॅमेरा नसताना ज्याने चित्रण केलं, तो काय साधासुधा माणूस असेल?’’

या तर्कापुढे मी गप्प बसलो. भीती बसली की माणूस पुरावा मागत नाही, उलट पुरावा नाही हाच पुरावा धरतो. मेलवाल्याने कधी एक सेकंदाची क्लिप जोडलीय, एक फोटो जोडलाय, असं या जातीच्या पत्रात घडत नाही. ज्याच्याकडे माल असतो तो आधी नमुना दाखवतो. आपल्याकडे आंबेवालासुद्धा एक फोड कापून देतो.

खजिनदारांचा खरा घोर निराळाच होता. मेलच्या विषयाच्या ओळीत त्यांचा पासवर्ड छापलेला होता. खराखुरा. ‘मधुमती123’.

हा डाव जगात मोठ्या प्रमाणावर खेळला गेला तो जुलै 2018पासून. त्याआधीचे धमकीबहाद्दर नुसतेच ओरडायचे. आता ते तुमचा पासवर्ड पहिल्याच ओळीत फेकायला लागले आणि लोकांचा थरकाप उडाला. पण पासवर्ड मिळवायला त्यांना तुमच्या घरात शिरावं लागत नाही. तुम्ही कधीकाळी कुठल्या तरी नोकरीच्या, खरेदीच्या, लग्नं जमवण्याच्या साईटवर नाव नोंदवलेलं असतं. त्या साईटवर दरोडा पडतो, चोरलेली यादी बाजारात विकायला येते आणि वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहते. लिंक्डइनवर 2012 साली असा दरोडा पडला. 2016 साली त्यातल्या 11 कोटी 70 लाख लोकांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड विक्रीला आले. अशा याद्यांमध्ये आपलं नाव आहे का हे फुकटात बघायची सोय ट्रॉय हंट नावाच्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाने 2013पासून करून ठेवली आहे. ‘हॅव आय बीन पोन्ड’ असं त्या साईटचं विचित्र नाव. तिथे खजिनदारांचा पत्ता घातला तर तो एक नव्हे, कितीतरी याद्यांत सापडला. त्यांना आधी धक्का बसला आणि मग, का कोण जाणे, थोडा अभिमान वाटला.

म्हणजे मेलमधला पासवर्ड खरा असला तरी तो शिळा असतो. तो अजून कुठे वापरात असेल तर तिथे ताबडतोब बदलायचा, महत्त्वाच्या खात्यांना ओटीपीचं दुसरं कुलूप लावायचं आणि झोपायचं. तांत्रिक बाजू एवढीच. पण घरात आणखीही एक बाजू असते. प्रिंट टेबलावर पडलेली होती आणि मिसेस चष्मा लावून आल्या.

‘‘ही मधुमती कोण?’’

‘‘अगं, सिनेमा! बिमल रॉयांचा. 1958 सालचा. दिलीपकुमार, वैजयंतीमाला.’’

‘‘बिमल रॉयांचाच ठेवायचा होता, तर ‘दो बिघा जमीन’ का नाही ठेवलात?’’

हॅकरने मागितलेले डॉलर खजिनदारांनी त्या क्षणी आनंदाने दिले असते, पण त्याने आता काही मिटण्यासारखं नव्हतं. जो गौप्यस्फोट करायची धमकी होती तो कधी होणारच नव्हता, जो व्हायचा तो पहिल्याच ओळीत होऊन गेला होता. माझं तर मत आहे की लोकांचे पासवर्ड एकत्र करून छापले, तर आजवरची सगळी मराठी आत्मचरित्रं त्यांच्यापुढे संकोची वाटतील.

मिसेसनी दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून मॉनिटरच्या वरच्या कडेला, कॅमेरा असता तर जिथे असता त्या जागी, एक टिकली लावली. यात हसण्यासारखं काही नाही. 2016 साली फेसबुकच्या मार्क झुकरबर्गचा जो फोटो प्रसिद्ध झाला, त्यात मागे दिसणाऱ्या त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरही चिकटपट्टी होती. फरक इतकाच, की त्याला कॅमेरा होता.

सेक्रेटरींचा मेल आणखी भारी. तो त्यांना त्यांच्याच पत्त्यावरून आलेला होता. ‘बघा, मी तुमच्याच खात्यातून हे पत्र पाठवतोय,’ असं वर लिहिलेलं. सेक्रेटरी दोन दिवस सगळ्यांना विचारत होते, मी झोपेत काही पाठवतो का हो. खरी गोष्ट अशी की ईमेल पोचवण्याचे नियम 1982 साली लिहिले गेले, तेव्हा हे जाळं वापरणारे लोक मोजके, सुशिक्षित आणि एकमेकांना ओळखणारे होते. पाठवणारा स्वतःचं म्हणून जे नाव लिहील ते खरं मानायचं, असा सज्जन कारभार होता. पुढे खोटं नाव लावणारे वाढले, तेव्हा एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे पहारेकरी मागाहून नेमले गेले. ते बरेचसे मेल दारातच अडवतात. पण आपल्या वॉचमनप्रमाणेच त्यांचाही कधी तरी डोळा लागतो. तेव्हा ‘प्रेषक: मी’ असं दिसलं म्हणून खातं फुटलं असं होत नाही. खात्री करायची तर ‘पाठवलेले’ या खणात ते पत्र आहे का बघावं. नसतंच.

मेलमध्ये आणखी एक वाक्य हटकून असतं: या पत्रात एक पिक्सेल बसवलाय, तुम्ही ते उघडताच मला कळलं आणि घड्याळ सुरू झालं. अदृश्य चित्र घालून मेल उघडला की नाही हे पाहण्याची युक्ती खरी आहे, जाहिरातवाले ती रोज वापरतात. त्यात तुम्हाला धरून ठेवणारं काही नसतं. मुळात हा मेल एका तासात हजारो लोकांना गेलेला असतो. इतकी घड्याळं कोण लावणार आणि बघत कोण बसणार? पण 48 तास म्हटले की माणूस विचार करायचं सोडतो आणि धावायला लागतो. पोटात गोळा, तोंडाला कोरड, आणि त्या घाईत ज्याला विचारायला हवं त्याला सोडून भलत्यालाच विचारलं जातं. खजिनदारांनी मला विचारलं होतं, ‘‘मधे दुसरा शनिवार येतो. तो धरायचा का?’’

बरं, समजा पैसे द्यायचेच ठरवले. बिटकॉइन काही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाही. त्यासाठी एखाद्या एक्स्चेंजवर खातं उघडावं लागतं. पॅन द्या, आधार द्या, बँकेचा तपशील द्या आणि मग केवायसीसाठी मोबाईलचा कॅमेरा चालू करून चेहरा डावीकडे, उजवीकडे, जरा वर असा फिरवा. म्हणजे ज्या गृहस्थाचा आजवर कोणाकडेही व्हिडिओ नव्हता, त्याचा पहिला व्हिडिओ खंडणी भरण्याच्या तयारीत निघतो. वर, आपल्या सरकारने 2022पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर बसवलाय. खंडणीत गेलेल्या रकमेची वजावट मिळेल का, हे खजिनदारांनी सीएला फोन करून विचारलं. सीए थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘कोणासाठी विचारताय, काका?’’

या धंद्यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. बिटकॉइनचा जमाखर्च सगळ्या जगाला खुला असतो. मेलमध्ये दिलेला वॉलेटचा पत्ता घ्या, इंटरनेटवर टाका, त्यात आजवर किती जमा झाले ते कोणालाही दिसतं. आमच्या मेलमधल्या वॉलेटमध्ये शून्य होतं. खंडणीखोराचा ताळेबंद असा क्षणात समोर येतो, आमच्या सोसायटीचा मागितला तर तो कायम ऑडिटला गेलेला असतो.

शून्य बघून खजिनदारांना त्या माणसाबद्दल थोडं वाईट वाटलं. त्याची गरज नाही. हे कोणी एकटा माणूस रात्री जागून करत नाही. ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीने 2019 साली ‘फोर्पिएक्स’ नावाच्या जाळ्याचा माग काढला. जगभरातल्या लाखो बाधित कॉम्प्युटरांना जुंपून ते तासाला 30 हजार धमक्या पाठवत होतं. आपला कॉम्प्युटर दुसऱ्यांना धमक्या धाडतोय, हे त्यांच्या मालकांना ठाऊकही नव्हतं. पाच महिन्यांत या जाळ्याच्या वॉलेटांत 14 बिटकॉइनच्या वर जमा झाले, त्या वेळच्या भावाने एक लाख डॉलरच्या पुढे. कोट्यवधी पत्रांतून मूठभर लोक घाबरून पैसे देतात आणि तेवढ्यावर सगळं भागतं.

ज्यांना सत्तर-ऐंशीच्या दशकातली संतोषीमातेच्या नावाची पोस्टकार्डं आठवतात, त्यांनी तरी या मेलला घाबरू नये. ‘हे पत्र वाचताच अशी एकवीस पत्रं लिहा. एका शेतकऱ्याने लिहिली, त्याला हंडा सापडला. एका कारकुनाने पत्र फाडलं, त्याची म्हैस मेली.’ कारकुनाकडे म्हैस कशी, हे कोणी विचारत नसे. त्या पत्रलेखकालाही तुमचं नाव-गाव ठाऊक नव्हतं, त्यानेही मुदत दिलेली असायची आणि शिक्षा तेवढी मोघम असायची. आमच्या आजीने सगळी एकवीस पत्रं माझ्याकडून लिहून घेतली होती. ती म्हणायची, ‘‘खोटं आहे हे मला कळतं. पण आपल्याकडे म्हैस आहे.’’

मजकुराबाबत ही मेलवाली मंडळी अधूनमधून नवनवे प्रयोग करतात. 13 डिसेंबर 2018 रोजी त्यांनी कॅमेरा सोडून बॉम्ब हाती घेतला. ‘तुमच्या इमारतीत स्फोटकं ठेवली आहेत, 20 हजार डॉलर पाठवा’ असे मेल अमेरिका, कॅनडापासून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत एकाच दिवशी गेले. शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रांची ऑफिसं रिकामी करण्यात आली. बॉम्ब कुठेच नव्हता. त्यामागे हीच, कॅमेऱ्याची धमकी देणारी टोळी असल्याचं तपास करणाऱ्यांच्या लक्षात आलं. पण बॉम्ब म्हटल्यावर लोक पैसे देण्याऐवजी पोलिसांना बोलावतात. लाजेची धमकी दिली की पोलिसांनाच काय, बायकोलाही सांगत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने लाज जास्त किफायतशीर, म्हणून मंडळी पुन्हा तिच्याकडे वळली.

2024मध्ये अमेरिकेत नवी तऱ्हा निघाली. मेलला पीडीएफ जोडलेली, तीत तुमचं नाव, पत्ता, फोन आणि तुमच्या घराचा फोटो. ‘घरी येऊन भेटू का?’ असा गर्भित सवाल. वर ‘पेगासस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर तुमच्या फोनमध्ये घातल्याची बढाई. जे सॉफ्टवेअर तयार करणारी इस्रायली कंपनी म्हणते की आम्ही फक्त सरकारांना विकतो, ते या गड्याने न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्यावर दोनेक हजार डॉलरसाठी खर्ची घातलं होतं. फोटो बघून भाचा हादरला. त्याची आई तेव्हा तिथेच होती. तिने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, ‘‘अरे, यात तर तुझी जुनी गाडी आहे. विकलीस ना ती?’’ फोटो गूगल स्ट्रीट व्ह्यूवरून उचललेला होता, बराच जुना. मग तिने खरा मुद्दा काढला: ‘‘हा फोटो सगळ्यांना पाठवणार म्हणतोय तो? मग आधी ते लॉन तरी कापून घ्यायचं होतंस.’’ स्ट्रीट व्ह्यू 2022 साली आपल्याकडेही मुंबई, पुणे, नाशिक, तेव्हाचं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) यांच्यासकट दहा शहरांत सुरू झालं, तेव्हा ही तऱ्हा इकडे यायला हरकत नाही. ज्यांच्या गॅलरीत कायम चादरी वाळत असतात, त्यांनी मनाची तयारी ठेवावी.

आपल्याकडचा अस्सल देशी प्रकार म्हणजे सरकारी धमकी. एका पानावर अशोकस्तंभ, सीबीआय, इंटेलिजन्स ब्यूरो, दिल्ली पोलिस आणि इंटरपोल असे सगळे शिक्के दाटीवाटीने बसवलेले. खाली मजकूर: तुमच्या इंटरनेटवरून लहान मुलांची अश्लील चित्रं पाहिली गेली आहेत, 24 तासांत खुलासा करा, अन्यथा अटक. खुलासा केला की ‘दंड भरून प्रकरण मिटवू’ असा निरोप येतो. पीआयबीच्या तथ्यपडताळणी विभागाने ही पत्रं खोटी असल्याचं वारंवार सांगितलंय. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचीही काही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पण आमच्या इमारतीत त्या पत्राचा निकाल लावला तो तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिरस्तेदारांनी. त्यांनी प्रिंट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि परत केली.

‘‘बोगस आहे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘जावक क्रमांक नाही. ‘प्रत माहितीस्तव’ कोणाला, तेही नाही. आणि चार खात्यांचे शिक्के एका कागदावर? एकाच दिवशी? उभ्या नोकरीत मी दोन खात्यांना एका टिपणीवर एकत्र आलेलं पाहिलं नाही.’’

सायबर सुरक्षेवरचं याहून नेमकं व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वर सांगितलेला मेलवाला रिकाम्या हाताचा असतो. पण अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे नग्न चित्रण चालू असतं, तुमचा चेहरा त्यात टिपला जातो आणि मग मागणी सुरू होते, तेव्हा समोरच्याकडे खरोखर काहीतरी असतं. या फासात अडकून तरुण पोरांनी जीव दिले आहेत. तिथेही पैसे देऊन सुटका होत नाही. एकदा दिले की हा देतो एवढं त्यांना कळतं आणि दर वाढतो. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआयचा तपशील जपून ठेवायचा, समोरच्याला ब्लॉक करायचं, घरातल्या एका तरी शहाण्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करायचा, एरवीही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाहीतर जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवायची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 प्रमाणे खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, घाबरलेला नाही. आपलं चित्रण पसरेल अशी भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय आहे. ती त्या चित्रणाचा फक्त ठसा घेते आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी ते चढू देत नाही. मूळ चित्रण आपल्या फोनबाहेर जात नाही. आणि अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘पण तू तो कॉल उचललासच का’ हा प्रश्न निदान आठवडाभर पोटात ठेवावा.

मेलच्या बाबतीत मात्र याहून सोपं. उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर आलं की पत्ता चालू आहे हे त्यांना समजतं. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त बाईंनी तो इंग्रजी मेल लाल पेनाने तपासून, चुका दुरुस्त करून परत पाठवला होता. स्पॅमची गाळणी चुकवायला ही मंडळी इंग्रजी अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरं पेरतात, त्यामुळे शुद्धलेखन असं पांगळं दिसतं, हे बाईंना कोणीतरी समजावलं. बाई म्हणाल्या, ‘‘ते असू दे. पण ‘रिसीव्ह’मध्ये ई आधी की आय आधी, हे काही रशियाने बदललेलं नाही.’’ त्यांना त्यानंतर रोज चार मेल येतात आणि त्या ते सगळे तपासतात.

आमच्याकडचं प्रकरण विझत आलं होतं, तेवढ्यात तोच मेल सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावर आला. ‘तुमच्या नकळत आम्ही तुमचे खासगी क्षण रेकॉर्ड केले आहेत. 1,400 डॉलर न पाठवल्यास ते सर्वांना दाखवण्यात येतील.’ सेक्रेटरींनी तो वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात वाचून दाखवला. निषेधाचा ठराव करून चहा घ्यावा, असा त्यांचा बेत होता. पण सभा एकदम ताठ बसली.

‘‘रेकॉर्ड केलंय? कुठल्या तारखेपासूनचं?’’ सहाव्या मजल्यावरून प्रश्न आला. आमचा सीसीटीव्ही गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे.

‘‘पार्किंगचं आहे का त्यात? माझ्या गाडीचा आरसा कोणी फोडला ते कळेल.’’

‘‘आणि डक्टमध्ये रोज कचरा कोण टाकतं तेही.’’ हे म्हणताना दोनशे दोनने तीनशे दोनकडे बघितलं.

‘‘1,400 डॉलर म्हणजे किती हो?’’ काकूंनी विचारलं.

‘‘लाख-सव्वा लाख.’’

‘‘सीसीटीव्हीवाल्याने नुसत्या दुरुस्तीचे दीड लाख सांगितलेत,’’ चेअरमन पुटपुटले. ‘‘आणि तो तीन महिने मागतोय. हा 48 तासांत सगळ्यांना दाखवायला तयार आहे.’’

सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. तळमजल्यावरचा पोरगा ‘अहो, हा फ्रॉड आहे’ असं उभा राहून सांगत होता, पण तो भाडेकरूचा मुलगा असल्यामुळे त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता. अखेर खजिनदारांनी नियमावर बोट ठेवलं: इतका मोठा खर्च एका पत्रावर मंजूर करता येणार नाही, तीन कोटेशनं लागतील.

‘‘काही अडचण नाही,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘बाकीची दोन मी आणतो.’’